गंजासकट : ४१२ धातूवस्तूंची नोंद करताना

३० मार्च २०२३ ला आदेश हातात पडला. कंत्राटी नेमणूक, अकरा महिने, मानधन दरमहा २२ हजार, आणि कामाच्या रकान्यात एकच ओळ : ‘संग्रहातील धातूवस्तूंची तपासणी व नोंदणी’. एम.ए.ला पुरातत्त्व घेतलं होतं, दोन उत्खननांत पोतीच्या पोती खापरं धुतली होती, म्हणून वाटलं, जमेल. खापर अडीच हजार वर्षं जमिनीत राहून बाहेर आलं की गप्प पडून राहतं. लोखंड राहत नाही, हे मला पहिल्या पावसाने शिकवलं. अशा कामाला बसणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

संग्रहालय विदर्भातलं, छोटं. संग्रह शिलावर्तुळांमधला. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड अशा ठिकाणी मोठाल्या दगडांची गोल रिंगणं आहेत, त्यांच्या आत दफनं आणि दफनांत माणसासोबत ठेवलेल्या वस्तू : कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, घोड्याचे लगाम, तांब्याच्या घंटा. काळ इसवी सनापूर्वीचं पहिलं सहस्रक. जुनापाणीला रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच खोदून पाहिलं होतं. पुढे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ नंतरच्या दशकभरात यातली बरीच ठिकाणं पद्धतशीर खणली. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. आमच्याकडे होता तो त्याच सुमाराच्या एका उत्खननाचा वाटा. जुन्या नोंदवहीप्रमाणे ४१२ नग.

३ एप्रिलला भांडारात गेले. बेचाळीस पत्र्याचे डबे, काही बिस्किटांचे, काही सिगारेटचे, आणि सहा कापडी पिशव्या. भांडार सांभाळणारे भाऊ निवृत्तीला दीड वर्ष उरलेले. त्यांनी पहिला डबा उघडून दाखवला आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, हे तं पुरं जंगलंय. याचं काय मोजून राहिल्या तुम्ही?”

डब्यात विटकरी रंगाचा भुगा, त्यात बोटाएवढे सात-आठ गोळे, आणि वर्तमानपत्राचा पिवळा पडलेला कागद. मलाही तेच वाटलं होतं, फक्त मी बोलले नाही.

पहिले दोन आठवडे मी एकाही वस्तूला हात लावला नाही, आणि पूर्ण कामातला हा एकच निर्णय असा आहे की ज्याबद्दल मला अजून शंका नाही. फक्त कागद जमवले. जुनी अ‍ॅक्सेशन (वस्तू संग्रहात दाखल झाल्याची) नोंदवही, उत्खननाच्या वेळची एक पाठकोरी वही, दोन स्थलांतरांच्या याद्या. प्रत्येक डबा उघडून तो होता तसा फोटो, मग आतल्या चिठ्ठ्यांचे फोटो. चिठ्ठ्यांना कसर लागलेली होती. काहींवर ‘वर्तुळ ३, खोली ४५ सेंमी’ एवढंच उरलेलं. पण तेवढ्यावरूनच तो गोळा कुणाच्या दफनात, किती खाली होता ते कळतं. वस्तू हरवली आणि चिठ्ठी उरली तर निदान काय होतं ते लिहिता येतं. चिठ्ठी हरवली की उरतं ते भंगार. म्हणून डबा उघडल्यावर कचरा समजून काहीही फेकू नका, वर्तमानपत्रसुद्धा. आमच्या चार डब्यांत नंबरच नव्हते, पण गुंडाळलेल्या कागदावर तारीख होती, आणि त्यावरून ते कुठल्या हंगामात भरले हे ठरवता आलं. तारखेचा तुकडा पाकिटात ठेवला, बाकीचा कागद काढून टाकला, कारण वर्तमानपत्राचा कागद आंबट असतो आणि धातूला मानवत नाही.

मग खरेदी. यादी छोटी होती : दोन डिजिटल आर्द्रतामापक (प्रत्येकी ४५०), व्हर्नियर कॅलिपर (९००), दोन दशांशांपर्यंत वजन दाखवणारा काटा (१,६००), नायट्राइलचे हातमोजे, मास्क, झिपच्या पिशव्या, घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे तीस, ओल शोषणारी सिलिका जेल पंचवीस किलो. एकूण तेवीस हजारांच्या आसपास. टिपणी १२ एप्रिलला सादर केली. तीन दरपत्रकं हवी होती, त्यातलं एक दुकानदाराने शिक्का न मारता दिलं म्हणून टिपणी परत आली. ‘सिलिका जेल म्हणजे काय’ असा शेरा मारून आणखी एकदा परत आली. आर्द्रतामापक जडवस्तू नोंदवहीत चढवायचा की उपभोग्य वस्तूंत, यावर आठ दिवस गेले. (जडवस्तूत चढला. आता तो हरवला तर भाऊंच्या पेन्शनमधून कापतील, असं भाऊ म्हणायचे.) सामान आलं २९ मे रोजी. तुमच्याकडे अशी खरेदी असेल तर टिपणीसोबत प्रत्येक वस्तूचा उपयोग एका ओळीत लिहून जोडा, आणि पावसाच्या आत सामान हवं असेल तर फेब्रुवारीतच सुरुवात करा.

एक मापक मात्र मी वाट न पाहता स्वतःच्या पैशांनी एप्रिलमध्येच आणला होता, आणि त्याच्यामुळे एक विचित्र गोष्ट दिसली. विदर्भात मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. वऱ्हांड्यात आर्द्रता १८ टक्के. भांडारात ६४! मला वाटलं मापक बिघडला. मग लक्षात आलं, खिडकीत कूलर. दरवर्षी मार्च ते जून, दिवसभर, वाळ्याच्या टट्ट्यांतून भिजलेली हवा थेट लोखंडाच्या कपाटांवर. वर्षातले जे चार महिने निसर्ग या वस्तूंना फुकटात कोरडं ठेवायला तयार होता, तेच आम्ही ओले करत होतो. कूलर बंद करा म्हणायची हिंमत व्हायला मला आठवडा लागला, कारण बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत तिथे भाऊ बसायचे. शेवटी तोडगा निघाला : टेबल, खुर्ची आणि कूलर बाजूच्या खोलीत, भांडाराचं दार बंद. मीही नोंदी तिथेच करू लागले. एका वेळी एकच डबा बाहेर.

आता प्रत्यक्ष नोंद. प्रत्येक नगाला सुरुवातीला पंचवीस मिनिटं लागायची, सरावाने बारा-तेरावर आली. जुना क्रमांक, नवा क्रमांक, ठिकाण, वर्तुळ, खोली, धातू, लांबी-रुंदी-जाडी, वजन, अवस्था, फोटो क्रमांक, डब्याची जागा. ‘लांबी’च्या खाली मी कंसात ‘गंजासकट’ लिहायची. सुरुवातीला साहेब हसले. पण मूळ छिन्नी बारा मिलीमीटर जाडीची असेल, तर आज तिच्याभोवती माती आणि गंज मिळून वीस मिलीमीटर आहे. उद्या कुणी ती साफ केली आणि वजन निम्म्यावर आलं, तर नोंदवहीतल्या आकड्यावरून चोरीचा संशय यायला नको.

धातू ओळखायला लोहचुंबक सगळे वापरतात, मीही वापरला. त्यात एक फसगत आहे. चिकटला तर लोखंड, हे बरोबर. नाही चिकटला तर लोखंड नाही, हे चूक. पूर्ण गंजून गेलेल्या तुकड्यात धातू उरतच नाही, उरतात लोखंडाची खनिजं, आणि त्यातली बरीचशी चुंबकाला दाद देत नाहीत. मी पहिल्याच दिवशी तीन तुकडे ‘दगड?’ असे लिहून बाजूला ठेवले होते.

तांब्याचं वेगळंच. आमच्या घरी ताक पितळेच्या भांड्यात ठेवलं की आजी ओरडायची, कळकेल म्हणून. आणि कळकलेलं भांडं चिंच-मीठ लावून लख्ख करायची. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तांबं म्हणजे लख्ख आणि हिरवं म्हणजे घाण, हे इतकं घट्ट बसलंय की कधीकाळी कुणीतरी सद्भावनेने आमच्या चार घंटाही तशाच घासल्या असाव्यात. त्या चार गुलाबीसर दिसत होत्या आणि त्यांच्याच खालच्या कापसावर फिकट हिरवी पूड पडलेली होती. चिंचेने वरचा थर जातो, आणि मिठातला क्लोराइड आत शिरतो. दमट हवा लागली की आतल्या क्युप्रस क्लोराइडची (तांब्याच्या क्षाराची) प्रक्रिया होऊन ही पूड बनते, त्यातून पुन्हा आम्ल, पुन्हा तांबं खाल्लं जातं. हे चक्र आपणहून थांबत नाही. क्लोराइड जमिनीतूनही येतो, त्यामुळे सगळा दोष चिंचेवर टाकता येणार नाही, पण न घासलेल्या अकरा घंटांपैकी एकीलाच हा रोग होता.

ओळखायचं कसं? गडद, कडक, नखाने न निघणारा हिरवा थर बहुतेक निरुपद्रवी, त्याला हात लावू नका. फिकट, पिठासारखी, बोटाला लागणारी पूड दिसली तर संशय. मी पूड लाकडी काडीने हलकेच काढली, फोटो घेतला, वस्तू वेगळ्या डब्यात ठेवली आणि दोन दिवसांनी त्याच जागी पाहिलं. पुन्हा पूड आली, तर अवस्था ‘सक्रिय’. अशा पाच वस्तू निघाल्या. त्यांच्यावर मी काहीही लावलं नाही. उपचार हे रसायनतज्ज्ञाचं काम आहे, आणि त्यातली काही रसायनं माणसालाही घातक आहेत. माझं काम त्यांना चाळीस टक्क्यांपेक्षा कोरड्या डब्यात ठेवायचं आणि नोंदीवर लाल ठिपका लावायचा.

पाऊस त्या वर्षी उशिरा आला, जून संपत आलेला. तोवर माझ्या १४० नोंदी झाल्या होत्या आणि मी जरा खुशीत होते. प्रत्येक वस्तू नव्या झिपच्या पिशवीत, पिशवीवर नंबर, पिशव्या नव्या डब्यात. सगळं कसं नीटनेटकं. सिलिका जेल जपून वापरायची म्हणून ‘आधी तांब्याला, लोखंडाला नंतर’ असं मीच ठरवलं होतं. २७ जुलैला एक डबा सहज उघडला. छिन्नीच्या अंगावर नारिंगी थेंब. टाचणीच्या डोक्याएवढे, दहा-बारा, घाम फुटल्यासारखे. पाठ्यपुस्तकात वाचलेलं होतं : जमिनीतले क्लोराइड आत राहिलेलं लोखंड दमट हवेत पाणी ओढून घेतं, थेंब येतात, वाळले की पोकळ फोड होतात आणि त्याखालचा पापुद्रा सुटतो. मी जुलैची ओली हवा पिशवीत भरून वरून झिप लावली होती. जुन्या गळक्या पत्र्याच्या डब्यात त्या वस्तू निदान श्वास तरी घेत होत्या.

एकतीस नगांना थेंब होते. दोघांचे पापुद्रे सुटून आले. त्या संध्याकाळी मी बसस्टँडवर बराच वेळ बसून होते, दोन गाड्या गेल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांना लेखी कळवलं. ते चिडले नाहीत, ‘नोंदीत लिहा’ म्हणाले. लिहिलं : ‘२७/७/२०२३ रोजी साठवणुकीतील आर्द्रतेमुळे पृष्ठभागावर थेंब, पापुद्रा सुटला, तुकडा सोबत ठेवला आहे.’

त्यानंतरची पद्धत अशी, आणि ती आजवर टिकली आहे. झिपच्या पिशवीला जाड सुईने आठ-दहा भोकं. पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डब्यात लोखंडाच्या वजनाएवढी सिलिका जेल. म्हणजे भोकांतून कोरडी हवा आत जाते. आर्द्रता दाखवणारी छोटी कार्डं प्रत्येक डब्यात, झाकण न उघडता बाहेरून वाचता येतील अशी. लोखंडाला शक्यतो वीस टक्क्यांच्या खाली. जेल रंग बदलणारी घ्या, पण निळी नको. तिचा निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो आणि तो अंगाला बरा नाही. नारिंगी मिळते. ओली झालेली जेल आम्ही शेजारच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ११० अंशांवर वाळवून घ्यायचो, महिन्यातून एक शनिवार. त्याचा खर्च म्हणजे तिथल्या साहाय्यकांना चहा-समोसे. घरच्या ओव्हनमध्ये हा उद्योग करू नका.

कापसाबद्दल सांगायचं राहिलं. आम्ही कापूसवाले लोक. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या वस्तू बांधल्या त्यांनी त्या प्रेमाने सरकी काढलेल्या कापसात ठेवल्या. कापूस ओल धरतो आणि त्याचे तंतू गंजात रुततात. ते ओढून काढताना एका कुऱ्हाडीवर मी थबकले. बाकीच्या तंतूंच्या खाली, गंजाच्याच रंगाचं, उभं-आडवं विणकाम होतं. भिंगाखाली ताणा-बाणा मोजता येत होता. कापड केव्हाच गेलं होतं, त्याच्या धाग्यांची जागा गंजाने घेतली होती. कुऱ्हाड पुरताना ती कशात तरी गुंडाळलेली असणार, निदान कापडाला टेकलेली. बोटाच्या पेराएवढा तुकडा. ब्रशने दोनदा जोरात झटकलं असतं तर संपलं होतं. मी भाऊंना बोलावलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “हे तं मांजरपाटावानी दिसते बाप्पा.” मग जुन्या शंभर-सव्वाशे नोंदींमधल्या वस्तू मी पुन्हा भिंगाखाली घातल्या. तीन आठवडे त्यात गेले. आणखी दोन ठिकाणी विणकाम मिळालं, एका खंजिराच्या मुठीशी लाकडाच्या रेषा.

खंजिरांवरून एकच खडाजंगी झाली. जुन्या नोंदवहीत सत्तावीस खंजीर. माझ्या मते त्यातल्या अकरांना पातं, धार, मूठ काहीच ओळखू येत नव्हतं. लांबट गोळे होते. ‘गेल्या सगळ्या वार्षिक अहवालांत सत्तावीस छापलेत,’ साहेब म्हणाले, ‘आता सोळा कसे लिहायचे?’ त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. ज्याने ते जमिनीतून काढताना पाहिलं, त्याला मला न दिसलेलं काहीतरी दिसलं असेल. गंज तेव्हा कमी असेल. शेवटी एका रकान्याचे तीन केले : ‘जुनी ओळख’, ‘आजची ओळख’, ‘कशावरून’. तिसरा रकाना भरताना माझ्याही कितीतरी ओळखी गळाल्या. ‘कुऱ्हाड’ लिहायचं आणि ‘कशावरून’मध्ये लिहायला काही नाही, असं सतरा वेळा झालं. विदर्भातल्या या कुऱ्हाडींना दांड्याशी बांधायला फुलीसारखी लोखंडी कडी-पट्टी असते, ती दिसली तर प्रश्नच नसतो. नाहीतर ‘ओळख अनिश्चित’.

काही अनिश्चितांचा निकाल क्ष-किरणांनी लागेल असं वाटत होतं. पुरावस्तू इमारतीबाहेर न्यायची तर परवानगी, यादी, सोबत एक कर्मचारी, जाता-येता वजन. अर्ज १८ सप्टेंबरला, मंजुरी दसऱ्यानंतर ३० ऑक्टोबरला. गावातल्या एका क्ष-किरण केंद्राने रविवारी दुपारी वेळ दिली, प्लेटला २५० रुपये, चौदा प्लेट, एकेका प्लेटवर दोन-तीन नग. तंत्रज्ञ तरुण मुलगा होता. संगणकात पेशंटचं नाव टाकल्याशिवाय मशीन पुढे सरकेना. “नाव?” “नग १६८.” “वय?” मी म्हटलं, अडीच हजार. यंत्र तीनच आकडे घेत होतं. त्याने ९९ टाकलं आणि विचारलं, “मेल का फिमेल?” भाऊ म्हणाले, “कुऱ्हाड हाय का छिन्नी तेच तं पाहाले आलो.”

फिल्मवर उरलेला धातू पांढरा दिसतो, गंज करडा. नग ५७, जुन्या वहीत ‘लोखंडी गोळा’, त्यात एक छिन्नी आणि तिला चिकटलेलं कडं निघालं. अकरा ‘खंजिरां’पैकी तिघांना पातं होतं. म्हणजे जुनी वही तीन वेळा बरोबर होती आणि मी चूक. बाकीच्या आठांत सगळा करडा, आकार नाहीच. १६८ मध्येही.

डिसेंबर-जानेवारी मोजणीत गेला. वहीत ४१२, डब्यांत प्रत्यक्ष तुकडे ४७१. तुटलेल्या नगाला नवा क्रमांक देऊ नका, २१४/१ ते २१४/५ असंच चालवा. नाहीतर लेखापरीक्षणात संग्रह आपोआप वाढलेला दिसतो आणि मग ‘या एकोणसाठ वस्तू कुठून आल्या’ याचं उत्तर लिहीत बसावं लागतं. नऊ नग मिळतच नव्हते. सहा दालनातल्या काचेच्या कपाटात सापडले, तिथे त्यांना वेगळेच प्रदर्शन-क्रमांक चिकटवलेले होते. तीन नाहीत. ‘प्रत्यक्ष पडताळणीत आढळले नाहीत’, तारीख, दोन सह्या. त्या सह्या मिळवायला मला एका कुऱ्हाडीची नोंद करण्यापेक्षा तीसपट वेळ लागला. जाता जाता शेजारच्या कपाटातली सातवाहनकाळातली शिशाची नाणीही पाहिली. प्लायवूडच्या खणात होती, अंगावर पांढरी पूड. लाकडातून, विशेषतः प्लायवूडमधून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफा शिशाला खातात, आणि ती पूड विषारी असते. माझ्या आदेशात नाणी नव्हती. तरी मास्क लावून ती प्लास्टिकच्या डब्यांत हलवली आणि साहेबांच्या टेबलावर एक पानाची टिपणी ठेवली. ती अजून तिथेच असावी.

१६ फेब्रुवारी २०२४ ला नोंदवही, पेनड्राइव्ह आणि फिल्मचं पाकीट सुपूर्द केलं. शेवटच्या दिवशी भाऊ नोंदी चाळत बसले होते. १६८ वर थांबले. ‘जुनी ओळख : खंजीर. आजची ओळख : अनिश्चित. कशावरून : क्ष-किरणात आकार नाही, धातू शिल्लक नाही, लांबट आकार व सापडल्याची जागा (कवटीच्या उजवीकडे) एवढीच माहिती.’ त्यांनी दोनदा वाचलं. “काईच नाही म्हणता म्हणता एवढं लिवलं,” म्हणाले. मग उठून भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली, जून काढला आणि सातच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं : ‘मृग लागाच्या आंधी जेल वाळवणे.’